कंपनीचा लॅपटॉप : हातात आल्यापासून परत करेपर्यंत

गेल्या वर्षी एका मंगळवारी दुपारी सव्वाचारला मला एचआरकडून मीटिंगचं निमंत्रण आलं. विषयाच्या जागी नुसतं ‘कनेक्ट’. वीस मिनिटांत कॉल आटोपला आणि माझी नोकरी गेली. मी पाणी प्यायला उठले आणि परत येऊन बघते तर लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट होऊन पासवर्ड मागत बसलेला. माझा पासवर्ड त्याला आता चालत नव्हता.

ऑफिसच्या कामाचं जे गेलं ते गेलं, ते माझं नव्हतंच. पण त्याच लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये गृहकर्जाचं मंजुरीपत्र होतं, घरभाड्याच्या पावत्या होत्या, आईच्या एमआरआयचे रिपोर्ट होते. क्रोममध्ये माझे झाडून सगळे पासवर्ड होते. मुलीच्या बारशाचे फोटो डेस्कटॉपवर ‘नंतर लावू’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून होते. ते परत मिळावेत म्हणून मी तीन मेल केले. चौथ्या आठवड्यात दोन ओळींचं उत्तर आलं : उपकरण धोरणानुसार पुसण्यात आलं आहे.

चूक कंपनीची म्हणावी तर कागदोपत्री नव्हतीच. पहिल्या दिवशी मी ज्या धोरणावर सही केली त्यात हे सगळं लिहिलेलं होतं. वाचलं नव्हतं ते मी.

हिंजवडी, खराडी, ऐरोली, मिहान, कुठेही पहिली नोकरी लागली की आठवडाभरात पाठीवर कंपनीची सॅक येते आणि सॅकमध्ये लॅपटॉप. घरात दुसरा कॉम्प्युटर नसतो, त्यामुळे बघता बघता तोच घरचा होऊन जातो. ज्यांच्या पाठीवर ती सॅक नुकतीच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख. यातली बरीच माहिती माझ्या मामेभावाकडून आली आहे. तो एका दुसऱ्या कंपनीत आयटी सपोर्टला आहे. मी त्याला विचारलं होतं, “तुम्ही लोकांच्या स्क्रीन बघत बसता का रे?”

तो हसला. “ताई, तीन हजार लॅपटॉपना आम्ही सहा जण. पासवर्ड रीसेट करण्यातच दिवस जातो. बघायला वेळ कोणाला आहे? पण वरून मेल आला ना, की अमुक माणसाचं तीन महिन्यांचं सगळं काढून द्या, तर जेवणाच्या आधी निघतं.”

हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा. रोज कोणी बघत नाही म्हणून माणूस सैल होतो. नोंद मात्र रोज होत असते, आणि ती उघडली जाते ती नेमकी आपलं आणि कंपनीचं बिनसल्यावर.

आधी एवढं जवळ असू द्या

- स्वतःचा, फक्त स्वतःचा ईमेल आयडी. कॉलेजने दिलेला नको, तोही एक दिवस बंद होतो.
- स्वतःचा मोबाइल आणि त्यात स्वतःचा डेटा पॅक
- घरी एखादा जुना लॅपटॉप किंवा टॅब. सेकंडहँड चालेल. रिटर्न भरायला, फॉर्म भरायला, पासपोर्टची अपॉइंटमेंट घ्यायला तेवढा पुरतो.
- ऑफर लेटर, नियुक्तीपत्र, आयटी धोरण आणि गोपनीयता करार यांच्या प्रती, स्वतःच्या मेलवर
- लॅपटॉप ताब्यात घेतल्याची पावती किंवा मेल
- कॅमेऱ्यावर लावायची सरकती पट्टी. शंभर रुपयांच्या आत मिळते.

१. सही करण्याआधी धोरणातली चार वाक्यं शोधा

रुजू होण्याच्या दिवशी पंधरा-वीस कागद एकदम समोर येतात. हल्ली तर कागदही नसतात, ‘आय ॲग्री’च्या चौकोनात टिचक्या मारत जायचं. सगळं वाचा असं सांगणार नाही, कारण कोणी वाचत नाही. ‘अ‍ॅक्सेप्टेबल यूज पॉलिसी’ किंवा ‘आयटी पॉलिसी’ नावाची फाइल तेवढी उघडा आणि तिच्यात चार गोष्टी शोधा.

पहिली, वैयक्तिक वापराला परवानगी आहे का. बहुतेक ठिकाणी ‘मर्यादित आणि प्रासंगिक’ वापर चालतो असं लिहिलेलं असतं. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत वीजबिल भरलं तर कोणी हरकत घेत नाही. रात्रभर चित्रपट उतरवत ठेवला तर घेतं.

दुसरी, देखरेखीबद्दल काय म्हटलं आहे. ‘गोपनीयतेची अपेक्षा ठेवू नये’ अशा अर्थाचं वाक्य जवळजवळ प्रत्येक धोरणात असतं. ते सापडलं की समजा, पुढे भांडायला लागलं तर कंपनी पहिल्यांदा हेच वाक्य पुढे करणार.

तिसरी, नोकरी सुटल्यावर लॅपटॉपमधल्या वैयक्तिक फाइलींचं काय होतं. माझ्या धोरणात ‘कंपनी जबाबदार राहणार नाही’ असं स्वच्छ लिहिलं होतं.

चौथी, तुम्ही तयार केलेल्या गोष्टींवर हक्क कोणाचा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी. तुम्ही रविवारी घरी बसून स्वतःचं ॲप लिहीत असाल तर ते तुमचंच असायला हवं. पण ते कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिलं की वादाला जागा मिळते. काही करारांत तर कंपनीची साधनं वापरून केलेलं सगळंच कंपनीचं, असं कलम असतं. कविता लिहिता, भाषांतरं करता, क्लासच्या नोट्स काढता? वहीत करा, मोबाइलवर करा, पण या मशीनवर करू नका.

२. ताबा घेताना फोटो काढा

यात फारसं काही नाही, दोन मिनिटांचं काम आहे. लॅपटॉपच्या बुडावर सीरियल नंबर असतो, बहुधा कंपनीचं ॲसेट टॅग म्हणजे बारकोडची चिकटपट्टीही असते. दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. झाकणावर ओरखडा असेल, एखादी की सैल असेल, चार्जरची वायर सोललेली असेल तर त्याचा फोटो त्याच दिवशी आयटीला मेल करा. दोन वर्षांनी परत करताना हाच ओरखडा तुमच्या नावावर लागतो आणि फुल अँड फायनलमधून, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबातून, पैसे कापले जातात.

३. आपल्या मशीनवर काय काय बसवलेलं आहे ते बघा

हे बघायला काही हॅकिंग लागत नाही. दोन जागा दाखवते.

क्रोम किंवा एज उघडा आणि उजवीकडच्या टिंबांवर क्लिक करा. यादीच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ असेल तर त्या ब्राउझरवर कंपनीचे नियम चालतात. कोणती एक्स्टेन्शन बसवायची, कोणती साइट बंद ठेवायची, हिस्टरी पुसता येईल की नाही, हे तिकडून ठरतं.

आता कुठलीही मोठी वेबसाइट उघडा, गूगलच घ्या. पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर क्लिक करून ‘कनेक्शन इज सिक्युअर’मध्ये जा आणि तिथून सर्टिफिकेट, म्हणजे त्या साइटचं ओळखपत्र, उघडा. ‘इश्युड बाय’समोर गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस असं दिसलं तर ठीक. तिथे तुमच्या कंपनीचं किंवा झीस्केलर, नेटस्कोप अशा एखाद्या सुरक्षा कंपनीचं नाव दिसलं, तर तुमच्या आणि गूगलच्या मध्ये एक जण उभा आहे. तो पाकीट फोडतो, आत बघतो, पुन्हा चिकटवून पुढे पाठवतो. कुलपाचं चित्र दिसतं म्हणून आपण निर्धास्त असतो, पण त्या कुलपाची एक किल्ली कंपनीकडे असते. बऱ्याच कंपन्या बँकेच्या आणि दवाखान्यांच्या साइट या तपासणीतून वगळतात. तरी ते त्यांच्या मर्जीवर आहे.

मी हे पहिल्यांदा केलं ते नोकरी गेल्यावर, एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर. ‘इश्युड बाय’समोर तिच्या कंपनीचं नाव बघून आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. त्याच ब्राउझरमध्ये शेजारच्या टॅबवर तिचं खासगी जीमेल उघडं होतं.

याशिवाय सहसा अँटिव्हायरसचा मोठा भाऊ असतो, तो मशीनवर कोणते प्रोग्राम चालले याची नोंद ठेवतो. आणि एक फाइलींवर पहारा ठेवणारा असतो. पेनड्राइव्ह लावला, मोठी फाइल बाहेरच्या मेलवर पाठवली की तो घंटा वाजवतो. या सगळ्यांचा हेतू तुमची प्रेमपत्रं वाचणं हा नसतो. त्यांना व्हायरस आणि माहितीची चोरी पकडायची असते. पण जाळं टाकलं की त्यात सगळंच येतं.

आता नेहमीचे गैरसमज. इन्कॉग्निटो विंडोमुळे फक्त त्या ब्राउझरमध्ये हिस्टरी राहत नाही, नेटवर्कवरची नोंद तशीच राहते. हिस्टरी पुसली तरी तेच. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. म्हणजे नोंद ठेवणं ही कंपनीची नुसती हौस नाही. आणि ‘घरच्या वायफायवर कंपनीला काही दिसत नाही’ हेही खरं नाही. पहारेकरी मशीनच्या आत बसलेला असतो, रस्ता बदलून तो चुकत नाही. उलट स्वतःचा मोबाइल ऑफिसच्या वायफायला जोडला, तर त्यावर कोणत्या साइटशी बोलणं चाललंय एवढं तरी नेटवर्कवाल्यांना कळू शकतं. दिवसभराचं एक-दीड जीबी स्वतःचंच वापरा.

४. ब्राउझरमध्ये स्वतःचं गूगल खातं जोडू नका

माझं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं, म्हणून थोडं सविस्तर.

ऑफिसच्या क्रोममध्ये तुम्ही खासगी जीमेलने साइन-इन करता आणि सिंक चालू होतं. त्या क्षणी तुमच्या मोबाइलवरचे बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड त्या मशीनवर उतरतात. बँक, आयकर, आधारला जोडलेल्या सेवा, सगळं. नंतर लॅपटॉप हातून गेला की मोबाइलवरून त्याला साइन-आउट करता येतं : गूगल खातं, सिक्युरिटी, युवर डिव्हायसेस, तिथे तो लॅपटॉप शोधा आणि साइन-आउट. पण त्याने पुढचं सिंक थांबतं. आधी उतरलेली प्रत त्या डिस्कवर राहिली असू शकते. मी त्या रात्री जेवण बाजूला ठेवून अकरा वाजेपर्यंत एकेक पासवर्ड बदलत बसले होते. एकेचाळीस निघाले. त्यातला एक सोसायटीच्या मेंटेनन्स ॲपचा होता आणि एक दिवाळीत एकदाच वापरलेल्या मिठाईवाल्याचा.

तर मग करायचं काय? खासगी मेल मोबाइलवर बघा. अगदीच गरज पडली तर ब्राउझरमध्ये उघडा, पासवर्ड साठवू का असं विचारलं की नाही म्हणा, काम झालं की साइन-आउट करा. पासवर्डसाठी मोबाइलवर पासवर्ड मॅनेजर ठेवा.

उलटी चूकही होते. ऑफिसचा मजकूर खासगी मेलवर पाठवायचा, ‘घरी जाऊन बघते’ म्हणून. किंवा कंपनीचा कोड उचलून चॅटजीपीटीमध्ये चिकटवायचा. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी हे केलं आणि कंपनीने त्या वर्षी मे महिन्यात अशा साधनांवर बंदी घातली. फाइलींवरच्या पहारेकऱ्याची घंटा वाजते ती सहसा अशाच वेळी.

५. व्हॉट्सॲप वेब

मला माहीत आहे, हा मुद्दा कोणी ऐकणार नाही. मोठा कीबोर्ड मिळतो, मोबाइल सारखा हातात घ्यावा लागत नाही. तरी तोटे ऐका.

क्लायंटला स्क्रीन शेअर करून डेमो देत असताना माझ्या एका सहकाऱ्याच्या आईचा मेसेज उजव्या कोपऱ्यात उगवला : ‘सांगलीचं स्थळ आहे, मुलगी बघून घे, बायोडाटा पाठवलाय.’ क्लायंट नाशिकचा निघाला. त्याने कॉलच्या शेवटी अभिनंदन केलं.

हे हसण्यावारी गेलं. डाउनलोड्सचं मात्र जात नाही. व्हॉट्सॲपवर आलेला बायोडाटा, आधारची प्रत, रिपोर्ट, जे जे तुम्ही त्या लॅपटॉपवर उघडून बघता ते बहुधा डाउनलोड्समध्ये जाऊन बसतं. लॉग-आउट केल्यावर चॅट जातात, या फाइली राहतात. आणि मेसेज वाटेत कोणाला वाचता येत नसला, तरी तुमच्या स्क्रीनवर तो उघडाच असतो. स्क्रीनचे फोटो घेणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर वाटेतल्या कुलपाचा उपयोग नाही.

वापरायचंच असेल तर नोटिफिकेशन बंद ठेवा, आणि दर शुक्रवारी मोबाइलवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून तो लॅपटॉप काढून टाका. सोमवारी परत जोडायला दहा सेकंद लागतात.

टीम्स आणि स्लॅक या ऑफिसच्या चॅट ॲपमधल्या ‘खासगी’ चॅटविषयी एकच : ते खासगी फक्त सहकाऱ्यांपासून. कंपनीच्या खात्यातलं बोलणं कंपनीला काढता येतं, तुम्ही मेसेज डिलीट केल्यावरसुद्धा त्याची प्रत राखून ठेवलेली असू शकते. मॅनेजरला ठेवलेली टोपणनावं तिथे लिहू नका.

६. डेस्कटॉप आता डेस्कटॉपवर नसतो

पूर्वी ‘डी ड्राइव्हमध्ये पर्सनल नावाचं फोल्डर’ ही पद्धत होती. आता अनेक कंपन्यांमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डरं आपोआप कंपनीच्या वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, चढतात. बारशाचा फोटो डेस्कटॉपवर टाकला की थोड्याच वेळात तो कंपनीच्या खात्यात असतो. फाइलीवर हिरवी बरोबरची खूण किंवा छोटा ढग दिसतो, तीच ही भानगड. तिथून डिलीट केलं तरी फाइल रिसायकल बिनमध्ये साधारण ९३ दिवस राहते. कंपनीने जपून ठेवायचा नियम लावला असेल तर त्याहून जास्त.

आधीच फोटो टाकलेत? आजच काढा. पण कसे, ते आयटीला विचारून. बहुतेक ठिकाणी पेनड्राइव्ह बंदच असतो, आणि उघडा असला तरी त्यावर कॉपी केलेल्या प्रत्येक फाइलीची नोंद होते. ‘माझे वैयक्तिक फोटो आणि कागदपत्रं काढून घ्यायची आहेत, योग्य मार्ग कोणता?’ असं एक तिकीट, म्हणजे आयटीकडे लेखी विनंती, टाका. नोकरी शाबूत असताना हे विचारलं तर कोणी वाकडं बघत नाही. राजीनामा दिल्यावर विचारलं की बघतात.

७. स्वतःच्या मोबाइलवर ऑफिसचा मेल

पहिल्या आठवड्यात मॅनेजर म्हणतो, “मेल मोबाइलवर टाकून घे.” तुम्ही ॲप टाकता, ते चार परवानग्या मागतं, तुम्ही देता. इथे जरा थांबा.

अँड्रॉइडवर ‘वर्क प्रोफाइल’ तयार होत असेल तर बरं आहे. ऑफिसच्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसची खूण येते, ती वेगळ्या कप्प्यात राहतात आणि कंपनीला फक्त तो कप्पा दिसतो. तुमचे फोटो, मेसेज, कॉलची यादी दिसत नाही. नोकरी सुटली की तेवढाच कप्पा पुसला जातो. पण परवानगी मागताना ‘हे उपकरण पूर्ण पुसण्याचा अधिकार’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं, तर स्वीकारू नका. आयटीला विचारा, वर्क प्रोफाइल मिळेल का. नाहीच म्हणाले तर कामासाठी कंपनीने फोन द्यावा असं मेलवर लिहा. मेलवरच. तोंडी बोलण्याला नंतर पुरावा नसतो.

८. ऑफिसच्या मेलवर जोडू नयेत अशा गोष्टी

बँक, पीएफ, आयकर, विमा, म्युच्युअल फंड, लिंक्डइन, पासपोर्ट, मुलांची शाळा. यातलं काहीही नको. मेल बंद झाला की ओटीपी आणि पासवर्ड रीसेटचे दुवे त्याच बंद दारावर जाऊन आदळतात. आमच्यातल्या एकाचं लिंक्डइन असंच अडकलं होतं, आणि तेही नवी नोकरी शोधायच्या दिवसांत.

पीएफच्या खात्याला, म्हणजे यूएएनला, स्वतःचा मोबाइल नंबर जोडला आहे का ते आज बघा. आणि फॉर्म १६ चं, म्हणजे पगारातून कापलेल्या कराच्या दाखल्याचं, लक्षात ठेवा. तो आर्थिक वर्ष संपल्यावर, जूनच्या सुमाराला येतो. तुम्ही ऑगस्टमध्ये सोडलं तर तुमचा फॉर्म पुढच्या जूनमध्ये निघणार. तो कोणत्या मेलवर? बाहेर पडताना खासगी आयडी लिहून दिला नसेल तर कुठल्याच नाही. सॅलरी स्लिपा दर महिन्याला उतरवून घ्या, वर्षाअखेरीची वाट बघू नका. त्या तुमच्याच आहेत, खासगी मेलवर घ्यायला हरकत नसते.

अजून एक. मॅनेजरविरुद्ध तक्रार, छळाचं प्रकरण, वकिलाचा सल्ला, नव्या नोकरीचा अर्ज, यातलं काहीही या लॅपटॉपवर लिहू नका, कच्चा मसुदासुद्धा नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये एका बाईंनी कंपनीच्या लॅपटॉपवरून, पण स्वतःच्या याहू मेलने वकिलांशी पत्रव्यवहार केला होता. त्याच्या प्रती लॅपटॉपमध्ये राहिल्या आणि कंपनीच्या वकिलांनी वाचल्या. २०१० मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्या बाईंच्या बाजूने दिला. पण त्यासाठी तिथवर जावं लागलं.

९. कायदा आपल्या बाजूने किती?

थोडा. मी वकील नाही, नोकरी गेल्यावर जेवढं समजून घेतलं तेवढं सांगते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. निकाल मोठाच आहे. पण त्याचा मुख्य रोख सरकारकडे होता. खासगी कंपनीच्या एचआरसमोर तो ठेवून लॅपटॉप उघडून मिळत नाही.

त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. गंमत म्हणजे याच कायद्याचं कलम ७ नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी, उदाहरणार्थ व्यवसायातली गुपितं राखण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती वेगळ्या संमतीशिवाय वापरायला वाट करून देतं. म्हणजे नव्या कायद्याने देखरेख बंद होईल या भरवशावर राहू नका.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मात्र नीट समजून घ्या, कारण तो तुमच्यावरही उलटू शकतो. कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधली माहिती कॉपी करणं, तसंच पुसणं, दोन्हींसाठी भरपाई मागता येते. तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मालक कोण, तर कंपनी. त्याच कायद्यातलं कलम ६६-ई दुसऱ्या बाजूचं आहे : संमतीशिवाय कोणाच्या शरीराच्या खासगी भागाचं चित्र टिपणं हा गुन्हा. घरून काम करताना कॅमेऱ्यावर पट्टी ओढा म्हणते ती उगीच नाही. लॅपटॉप बेडरूममध्ये उघडा ठेवून कपडे बदलू नका.

परदेशी जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. न्यूयॉर्क राज्यात ७ मे २०२२ पासून खासगी कंपनीला इलेक्ट्रॉनिक देखरेखीची लेखी सूचना नव्या कर्मचाऱ्याला द्यावी लागते. युरोपात पारडं कर्मचाऱ्याकडे जास्त झुकतं. रुमानियातल्या बर्बुलेस्कू नावाच्या अभियंत्याचं याहू मेसेंजर त्याच्या कंपनीने वाचलं, आणि वाग्दत्त वधूशी आणि भावाशी झालेल्या बोलण्यासह पंचेचाळीस पानं छापून त्याच्यासमोर ठेवली. २००७ मध्ये त्याची नोकरी गेली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला. वैयक्तिक वापराला बंदी आहे हे त्याला माहीत होतं. पण आपलं बोलणं वाचलं जाईल, आणि कितपत, हे आधी सांगितलं गेलं नव्हतं, हा मुद्दा वजनदार ठरला.

१०. राजीनामा देण्याआधी, नंतर नव्हे

क्रम महत्त्वाचा आहे. आधी साफसफाई, मग राजीनामा. नोटीस पिरियडमधल्या माणसाच्या लॅपटॉपवर लक्ष वाढतं, मामेभाऊ म्हणतो की त्यांच्याकडे राजीनाम्याची तारीख पडली की तो माणूस आपोआप वेगळ्या यादीत जातो.

१. सॅलरी स्लिपा, आधीच्या वर्षांचे फॉर्म १६, नियुक्तीपत्र, पगारवाढीची पत्रं, कंपनीच्या आरोग्यविम्याचं कार्ड खासगी मेलवर घ्या.
२. वैयक्तिक फाइली आयटीच्या मार्गाने काढा.
३. सर्व खात्यांवरून ऑफिसचा मेल आणि ऑफिसचा फोन नंबर काढा.
४. ब्राउझरमधून स्वतःचं खातं काढताना ‘या उपकरणावरील माहितीही पुसा’ असा पर्याय येतो, तो निवडा.
५. मोबाइलवरून व्हॉट्सॲप आणि गूगलच्या उपकरणांच्या याद्या तपासा.
६. महत्त्वाचे पासवर्ड बदला, स्वतःच्या फोनवरून.

आता सापळे. लॅपटॉप फॉरमॅट करून देऊ नका. ‘माझं खासगी होतं म्हणून सगळं पुसलं’ हे कारण चालत नाही, वर सांगितलेलं कलम ४३ इथेच आडवं येतं. स्वतःच्या फाइली तेवढ्या काढा, कामाच्या फाइलीला हात लावू नका. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून जुनी प्रेझेंटेशन, क्लायंटची यादी, कोडचे तुकडे घेऊन जाऊ नका. आणि नोटीस पिरियडमध्ये कंटाळून माउस हलवत ठेवणारं यंत्र लावू नका. २०२४ मध्ये एका मोठ्या अमेरिकी बँकेने काम करत असल्याचा खोटा आभास निर्माण करणाऱ्या डझनभराहून अधिक लोकांना काढलं.

माझ्यासारखा अचानक कॉल आला तर? मग यातलं काहीच करायला वेळ मिळत नाही. कॉल चालू असतानाच तीन गोष्टी तोंडी मागा आणि कॉल संपताच खासगी मेलवरून लिहून पाठवा : फॉर्म १६ आणि रिलीव्हिंग लेटर या मेलवर पाठवा, लॅपटॉप पुसण्याआधी अमुक नावाच्या फोल्डरमधल्या माझ्या वैयक्तिक फाइली द्या, लॅपटॉप कधी आणि कुठे परत करायचा ते कळवा. फोल्डरचं नाव स्पष्ट लिहा. मी मोघम ‘माझे फोटो’ असं लिहिलं होतं, आणि तेही सहा दिवसांनी.

परत करताना हातात द्यायचा असेल तर पावतीवर सीरियल नंबर, चार्जर, माउस, हेडफोन, ओळखपत्र असं एकेक लिहून सही घ्या. कुरियरने पाठवायचा असेल तर खोक्यात ठेवतानाचा व्हिडिओ काढा, खोकं बंद करेपर्यंत. माझ्या बाबतीत चार्जर मिळालाच नाही असा मेल आला होता. व्हिडिओत तो बबल रॅपमध्ये गुंडाळताना माझी मुलगी मध्येच हात घालताना दिसते. तो पाठवला, आणि कापलेले अठराशे रुपये पुढच्या महिन्यात जमा झाले.